अबेनाबाईचा फुफू

चिखल्याच्या खाणीच्या कॉलनीत मी अकरा वर्षं काढली. त्यातली सात वर्षं माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये अबेनाबाई राहत होती. मधे एकच भिंत, आणि तीही अशी की पलीकडं भांडं पडलं तर इकडं मी दचकायची. दर बुधवारी आणि रविवारी त्या भिंतीपलीकडून मुसळाचा आवाज यायचा. उखळ कॉलनीत आणखी दोन-तीन घरी होतं, पण ते अंगणात तुळशीच्या कुंडीला टेकू म्हणून. धान कांडायला आता कोणाला वेळ आहे? मशीनवर न्यायचं, अर्ध्या तासात तांदूळ घरी. अबेनाबाईही धान कांडत नव्हती. ती फुफू करत होती.

फुफू म्हणजे काय हे तिनं मला इतक्यांदा सांगितलं की आता मी वर्गात धडा शिकवावा तसं सांगू शकते. तिच्या गावी, घाना देशात, कसावा नावाचा कंद आणि कच्ची केळी उकडतात आणि रुंद उखळात घालून कांडतात. एक जण मुसळ मारतो. दुसरा समोर बसतो आणि मुसळ वर गेलं की उखळात हात घालून गोळा उलटवतो, मुसळ खाली यायच्या आत हात बाहेर काढतो. असं कांडून कांडून गोळा चिवट आणि चकचकीत झाला की वाडग्यात ठेवायचा, त्यावर रस्सा ओतायचा आणि उजव्या हाताच्या बोटांनी तोडून गिळायचा. चावायचा नाही. फुफू चावणारा माणूस तिच्या हिशोबी एकतर आजारी किंवा अडाणी.

तिच्यावर लिहायला बसले की रडू येईल असं मला वाटलं होतं. येत नाही. तिच्या शेजारातल्या शेवटच्या वर्षानंतर मला बऱ्याच गोष्टींचं रडू येत नाही, आनंदही बेताचाच होतो. आतून काहीतरी बधिर झाल्यासारखं आहे. त्यामुळं जे आठवतं ते सरळ सांगते.

तिचा नवरा देवराव हटवार मूळचा अड्याळचा. खाणीत फिटर होता. मधे काही वर्षं घानातल्या मँगनीजच्या खाणीवर कामाला गेला आणि परत आला तो बायको घेऊनच. कॉलनीनं महिनाभर बघून घेतलं आणि मग बघणं सोडलं, कारण पाळीची ड्युटी करणाऱ्या माणसांना बघत बसायला फुरसत नसते. अबेनाबाई उंच, मनगटं जाड, चालणं मात्र असं की मागून येऊन उभी राहिली तरी कळायचं नाही. मराठी ती देवरावकडूनच शिकली, म्हणून सुरुवातीला पुरुषासारखी 'मी गेलो, मी आलो' म्हणायची. नावाचा अर्थ मंगळवारी जन्मलेली. एवढं कळल्यावर गल्लीतल्या बायकांनी तिचा मंगळवारचा उपास ठरवून टाकला आणि ती मंगळवारी मजेत कोंबडी शिजवताना दिसली की हळहळायच्या.

देवरावनं तिला तिकडं असताना सांगितलं होतं, आमच्याकडं सारं मिळते. हे वाक्य तिनं त्याला सात वर्षं ऐकवलं. कसावा काही आमच्याकडं मिळेना. तुमसरच्या बाजारात ती भाजीवाल्यांसमोर उकिडवी बसायची, रताळी, सुरण, कोचई एकेक उचलून नखानं ओरखडायची, वास घ्यायची आणि परत ठेवायची. "घ्याचं नसन त खराब कायले करून राहिली बाई?" म्हणून भाजीवाले ओरडायचे. ती शांतपणे पुढच्या ढिगाकडं सरकायची.

कसावा शेवटी सापडला तो माझ्या स्वयंपाकघरात. माझा गुरुवारचा उपास होता आणि ती मीठ मागायला आली होती. ओट्यावर साबुदाणा भिजत ठेवलेला. तिनं एक दाणा उचलला, चिमटीत दाबला, वास घेतला, जिभेवर ठेवला आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

"म्याडम, हे कोठून आणलं?"

"दुकानातून. साबुदाणा आहे."

"हे माह्या गावचं हाय."

मी हसले. तिनं तिथंच मोबाइलवरून तिकडं बहिणीला व्हिडिओ लावला. बहीण शेतातच होती. तिनं एक झाड उपटून आम्हाला मुळं दाखवली, मातीनं भरलेली, हाताएवढी जाड. साबुदाणा त्याच कंदाच्या सत्त्वाचा बनतो हे मला, चौथीच्या मुलांना परिसर अभ्यास शिकवणाऱ्या बाईला, त्या दिवशी समजलं. पंधरा वर्षं उपास करत होते आणि खाते काय याचा कधी विचार केला नव्हता.

मग तिनं आपली रीत बसवली. साबुदाणा चक्कीवर दळून आणायचा, पाण्यात आटवून त्याची चिकट खळ करायची, उकडलेले बटाटे आणि कच्ची केळी त्यात घालून कांडायचं. कांडताना तिचे नियम कडक. हात कोपरापर्यंत तीनदा धुणार. हातातल्या बांगड्या काढून खिडकीत ठेवणार. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आमच्या गल्लीच्या पुढारी सुलोचनाबाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "अवो, नवरा जिवंत हाय न तुहा! बांगड्या काहून काढतं?"

"बांगडी फुटून फुफूत गेली त त्याच्याच गळ्यात अडकन," अबेनाबाई म्हणाली. देवराव मागं मुसळ धरून हसत उभा होता.

एकदा गोळा उलटवायला बसली की ती बोलत नसे, फक्त प्रत्येक वेळी "हं" म्हणायची. तिनं "हं" म्हटलं की देवराव मुसळ मारायचा. हं, धप्प, हं, धप्प. माझ्या वह्या तपासणं त्या तालावर चालायचं. पहिल्या वेळी फुफू झाला तेव्हा देवरावनं विचारलं, "झालं का तुह्या गावावानी?"

ती एक घास गिळून विचार करून म्हणाली, "नाई. पण रस्त्यावर आलं."

मुसळाचीही एक गोष्ट आहे. आपल्या मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं असतं, धान फुटायला ते बरं. फुफूला ते चालत नाही. तिला लाकडी टोक हवं होतं आणि तेही कांडून कांडून पिंजलेलं, कुंचल्यासारखं. तसं टोक गोळ्याला तोडत नाही, दाबतं म्हणे. देवरावनं कडं काढून दिलं. टोक ओलं करून रोज थोडं थोडं दगडावर ठोकत तिनं सात-आठ महिन्यांत ते हवं तसं करून घेतलं. रोज संध्याकाळी पायरीवर बसून ठक ठक.

पुढं ती दोघं चार दिवसांसाठी अड्याळला गेली. कॉलनीतला सुतार मारोती वाढई क्वार्टरचं दार नीट करायला आला. त्याला ते मुसळ दिसलं. बिचाऱ्याला वाटलं, देवरावभाऊची बायको परदेशी, तिला काय कळते, मुसळ पार चिंध्या झालं तरी वापरून राहिली. त्यानं पिंजलेला भाग करवतीनं सफाईनं कापला, टोक गोल केलं आणि स्वतःजवळचं नवं कडं ठोकून बसवलं. पैसे घेतले नाहीत. मी समोरच होते, पण मलाही ते चांगलंच काम वाटलं.

अबेनाबाई परत आली. मुसळ हातात घेऊन तिनं टोकावरून बोट फिरवलं. मी अंगणातल्या बुटक्या भिंतीवरून बघत होते. आता ही ओरडणार असं वाटलं. तेवढ्यात मारोती स्वतःच विचारायला आला, "जमलं न वहिनी?" ती म्हणाली, "लय चांगलं केलं." त्याला चहा दिला. तो गेल्यावर कडं काढलं आणि पायरीवर बसून पुन्हा पहिल्यापासून ठोकायला सुरुवात केली. मारोतीला खरं काय ते आजही माहीत नाही.

आता एकादशीचं सांगायला हवं, कारण कॉलनीत तिचं नाव निघालं की पहिल्यांदा तेच निघतं. फुफूत काय पडतं हे सुलोचनाबाईंनी एकदा बोटांवर मोजलं. साबुदाणा, आलू, कच्चं केळं. आणि रस्सा कशाचा, तर फल्लीदाण्याचा, म्हणजे शेंगदाण्याचा. "अव माय! हे त सारं उपासाचंच होय!" झालं. साबुदाण्याची तीच तीच उसळ खाऊन सगळ्या कंटाळलेल्या. एकादशीला अबेनाबाईकडं फराळ ठरला. आदल्या दिवशी तिला नियम समजावले. कांदा नाही, लसूण नाही, हळद नाही, टमाटर नाही, मीठ सैंधव. 'जिरं चालतं' ही भर मी घातली. तिनं एकेक नियम बोट दुमडून पाठ केला.

आम्ही आठ जणी ओळीनं बसलो. देवरावनं सकाळी कांडून दिलं होतं आणि ड्युटीवर निघून गेला होता. प्रत्येकीच्या वाडग्यात पांढरा गुळगुळीत गोळा, वर तांबूस रस्सा. चावू नका हे तिनं चारदा सांगितलं. तरी सगळ्यांनी चावलंच. तोंडात चिकटून बसलं, एकीची बोलती बंद, दुसरी पाणी मागतेय. पण रस्सा! रस्सा बोटं चाटून संपवला. सुलोचनाबाईंनी तीनदा घेतला आणि कौतुकानं विचारलं, "फल्लीदाण्यात एवढी चव कायची व?"

अबेनाबाई उठली आणि आतून डबा घेऊन आली. डब्यात वाळवलेले झिंगे, म्हणजे सुकट. बाजारातून आणून, भाजून, कुटून ठेवलेले. वाटीभर तिनं रस्श्यात घातले होते, नेहमी घालते तसे.

मग सुलोचनाबाईंचा आवाज फुटला. "अवो, एकादशीले झिंगे! सांगतलं काहून नाई तू?"

"तुमी कांदा नाई म्हणलं," अबेनाबाई बोटं दुमडत म्हणाली. "लसूण नाई म्हणलं. हळद, टमाटर नाई म्हणलं. झिंगे नाई कोणी म्हणलं?"

कोणीच नव्हतं म्हटलं. आठ जणींनी मिळून दिलेल्या एवढ्या मोठ्या यादीत कोणाला ते सांगावंसं वाटलं नव्हतं. सुलोचनाबाईंनी दुसऱ्या दिवशीही उपास धरला. देवराव दोन दिवस मान खाली घालून ड्युटीवर गेला. तिसऱ्या दिवशी सुलोचनाबाई वाटी घेऊन अबेनाबाईच्या दारात उभ्या होत्या. "आज उपास नाई. तोच रस्सा दे."

खाण्याच्या बाबतीत ती आणि आम्ही सारखेच हट्टी. आमच्या माणसाला पोटभर पोळ्या खाऊ घातल्या तरी भात नसेल तर तो म्हणणार, जेवण नाही झालं. ती परातभर भात खाऊन म्हणायची, "खाल्लं, पण जेवली नाई." फुफू गिळल्यावर मात्र पोटावर थाप मारायची आणि अंगणाच्या भिंतीवरून मला ओरडून सांगायची, "म्याडम, जेवली!" हे सांगायला ती यायचीच. माझे यजमान गोंदियाला नोकरीला, रविवारपुरते यायचे. एरवी मी जेवले की नाही हे विचारणारंही कोणी नव्हतं, आणि ही स्वतः जेवल्याचं मला कळवायची. ते ऐकून मला बरं वाटायचं.

देवराव गेला तो बुधवारी. पहिली पाळी करून आला, छातीत दुखतंय म्हणाला, पायरीवर बसला आणि तिथंच संपला. आत केळी उकडत होती. मी शाळेतून आले तेव्हा दारात गर्दी होती आणि गॅस कोणीतरी बंद केला होता.

त्याला अड्याळला नेलं. माणूस आपल्या गावच्या मातीत जातो. तेरवीला मी रजा काढून गेले. तोवर तिच्या सासरी चूल शेजाऱ्यांचीच होती. कोणी वरण-भात आणायचं, कोणी भाकरी. लोक माणुसकीनं वागले. ती काही खात नव्हती असंही नाही. पुढं ठेवलं की खायची, उचललं की थांबायची. रडली मात्र नाही आणि त्याचीच चर्चा होती.

तेरवीच्या सकाळी ती आतून आली ती लाल-काळं कापड गुंडाळून. बायकांमध्ये एकदम कुजबुज. देवरावची म्हातारी आत्या पुढं आली. "लाल काहून घातलं माय? आता तुले लाल नाई घालता येत."

"आमच्याकडं मातीले लालच घालतात," ती म्हणाली. आवाज सपाट होता. भांडायचं नव्हतं, समजावायचंही नव्हतं.

देवरावचे मोठे भाऊ वासुदेवभाऊ पानांवर वाढत होते. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली. "राहू द्या आत्या. त्याच्यासाठीच घातलं न तिनं." ते म्हणाले आणि पुन्हा वाढायला लागले. तो विषय तिथं संपला.

वासुदेवभाऊंनी तिला अड्याळलाच राहा म्हटलं, खोली देतो म्हणाले. ती क्वार्टरवर परत आली. क्वार्टर काही महिन्यांत सोडायचं होतं. भिंतीपलीकडून आता आवाज येत नव्हता. बुधवार गेला, रविवार गेला, पुन्हा बुधवार. मी भाजी द्यायची, ती वाटी धुऊन परत करायची. कशी झाली विचारलं तर "चांगली." एकदा मी मीठ घालायला विसरले होते. तरी "चांगली." सुलोचनाबाईंनी मुद्दाम तिखटजाळ रस्सा करून नेला, ती कोमट दूध प्यावं तसा प्यायली. तिच्या चेहऱ्याकडं बघून मला भीती वाटायला लागली. अंगावरचे कपडे सैल झाले होते. डॉक्टर म्हणाले, काही आजार नाही, खायला घाला.

तिला काय खायला हवं हे मला माहीत होतं. फुफू एकट्यानं होत नाही. मारणारा लागतो. मी आठवडाभर विचार केला आणि एका रविवारी साबुदाण्याचं पीठ, बटाटे, केळी घेऊन तिच्या दारात गेले. "मी मारते," म्हटलं. "लहानपणी आईबरोबर धान कांडलंय मी."

तिनं माझ्याकडं पाहिलं. नको म्हणाली नाही. हात तीनदा धुतले. बांगड्या आता काढायच्या नव्हत्या.

धान कांडणं वेगळं. त्यात खाली कोणाचा हात नसतो. इथं मुसळ वर गेलं की तिचा हात आत, आणि माझं काळीज तोंडात. मी असं हळू मारत होते की गोळ्यावर खूणही उमटेना.

"म्याडम, तुमी भेऊन मारून राहिल्या," ती म्हणाली. "भेऊन मारलं का नेम चुकते. हात माहा हाय, मी पाहीन. तुमी फक्त हं ऐका."

ती आधी हात बाहेर काढायची, मग "हं" म्हणायची. माझ्यासाठी तशी सवय लावून घेतली होती तिनं. चार-पाच रविवारांत मला जमायला लागलं. गोळ्यात गाठी राहायच्या, पण ती दोन घास जास्त गिळू लागली. 'जेवली' मात्र म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. मी मनातल्या मनात रविवार मोजत होते. मला वाटत होतं की एक दिवस ती ते म्हणेल आणि मग सगळं ठीक होईल. मला तेव्हा दुसरं काही नको होतं.

सहाव्या रविवारी माझा ताल बसला होता. हं, धप्प, हं, धप्प. मी प्रथमच न घाबरता मारत होते. तिचे डोळे मिटल्यासारखे झाले होते आणि चेहरा सैलावला होता. तिनं "हं" म्हटलं. मी मारलं. हात आतच होता.

आवाज वेगळा आला. मी मुसळ फेकून दिलं. तिनं हात वर काढला आणि त्याच्याकडं बघत राहिली. तर्जनी आणि मधलं बोट वाकडी झाली होती, रक्त नव्हतं. ती ओरडली नाही. ओरडले ते मी. सुलोचनाबाई धावत आल्या, हात फडक्यात बांधला, जीप बोलावली. जीप यायला वेळ होता. अबेनाबाई तिथंच खाली बसली होती. तिनं उखळाकडं मान हलवली.

"झाला हाय. वाया जाईन."

"आता कसलं खाणं?" मी म्हटलं.

"डाव्या हातानं नाई खात आमी," ती म्हणाली. डाव्या हातानं आम्हीही खात नाही. त्यामुळं उखळातून गोळा मी काढला. रस्सा तयार होता. मी तिच्यासमोर बसले, बोटांनी घास तोडला, रस्श्यात बुडवला आणि तिच्या तोंडात घातला. ती गिळायची आणि तोंड उघडायची. दारात बायका उभ्या राहून बघत होत्या. जीपचा हॉर्न वाजेपर्यंत तिनं वाडगा संपवला.

तुमसरला प्लास्टर घातलं. त्यानंतर मुसळ मी हातात धरलं नाही. माझं पुढचं सगळं त्या एका क्षणात अडकलं. तिनं "हं" म्हटलं होतं हे मला पक्कं ऐकू आलं होतं. मग हात आत का होता? मी चुकले की तिनं काढलाच नाही? आणि काढला नसेल, तर का? रिकाम्या डोळ्यांनी चार महिने बसलेल्या बाईनं जाणूनबुजून मुसळाखाली हात ठेवला असेल, हा विचार मला वर्गात, आंघोळीला, भाजी चिरताना यायचा. तो आला की मी जिथं असेन तिथं थांबायची. विचारायची हिंमत होत नव्हती. रोज तिला भरवायला जायची आणि न विचारताच परत यायची. माझ्याही जिभेची चव तेव्हाच गेली. आजही फारशी आलेली नाही.

तिच्या भाच्यानं तिकडून तिकीट पाठवलं. क्वार्टरची किल्ली द्यायची वेळ आलीच होती. वासुदेवभाऊ तिला नागपूरला सोडणार होते, तिथून पुढं विमान. मी आणि सुलोचनाबाई तुमसर रोड स्टेशनवर गेलो. सामान एक पेटी आणि एक पिशवी. वासुदेवभाऊ पाण्याची बाटली भरायला गेले, सुलोचनाबाई त्यांच्या मागं. बाकावर आम्ही दोघीच उरलो. आता नाही तर कधीच नाही असं वाटलं.

"अबेनाबाई, त्या दिवशी हात का नाही काढला?"

तिनं प्लास्टरकडं पाहिलं. माझ्याकडं नाही.

"देवराव हं ऐकला का थांबे," ती म्हणाली. "एक श्वास घे, मग मारे. इतक्या वर्षांत मी पहिले हं म्हणो, मग हात काढो. त्याच्यासंगं जल्दी नव्हती." तिनं रुळांकडं पाहिलं. "त्या दिवशी तुमी लय चांगलं मारून राहिल्या होत्या म्याडम. मी विसरली. मले वाटलं तोच हाय."

मी पिशवी तिच्याजवळ सरकवली.

"मुसळ पडेपर्यंत होता तो," ती म्हणाली. "तेवढं बरं वाटलं मले."

गाडी आली. इथं ती दोनच मिनिटं थांबते. वासुदेवभाऊ पेटी घेऊन पळत डब्यात चढले. अबेनाबाई पायरीवर एक पाय ठेवून वळली. मी तिच्या डाव्या हाताला आधार द्यायला पुढं झाले. तिनं तो मागं घेतला आणि प्लास्टरमधला उजवा हात माझ्या हातात दिला. मी कचरले. ती तशीच उभी राहिली, हात माझ्या हातात ठेवून, शिट्टी होईपर्यंत. मग मी तो घट्ट धरला आणि तिला वर चढवलं.